सशाला कुठे डॉक्टर असतो?

गेल्या वर्षी विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्ताने एका तालुक्याच्या गावी गेलो होतो. शाळेच्या व्हरांड्याच्या टोकाला जाळीचे एक मोठे खुराडे होते आणि त्यात दोन ससे. एक पांढरीशुभ्र, तिचे नाव कापशी. दुसरा राखी रंगाचा, भुऱ्या. मुले आपल्या डब्यातली पोळी, बिस्किटे, कधी गाजराचा तुकडा त्यांना घालीत आणि ते मिशा हलवत खात असलेले पाहून खूश होत.

शनिवार होता, शाळा सुटत आली होती. सातवीतली एक मुलगी बाईंना सांगत होती, "बाई, भुऱ्या खायला येतो, तोंड लावतो आणि परत जातो. कालपण असंच केलं त्यानं."

"पोट भरलेलं असेल ग त्याचं," बाई म्हणाल्या. "सोमवारी बघू."

डॉक्टरला दाखवावे, असे त्या मुलीने सुचवले तेव्हा आजूबाजूचे सगळे हसले. कोणीतरी म्हणाले, "सशाला कुठे डॉक्टर असतो?" हसणाऱ्यांत मीही होतो, हे आधीच सांगून टाकतो.

सोमवारी सकाळी भुऱ्या मेलेला आढळला. ती मुलगी मात्र हट्टाला पेटली. शेवटी शिपाईमामांनी मेलेला ससा टोपलीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेला, बरोबर ती आणि बाई. डॉक्टरांनी त्याचे तोंड उघडून बॅटरीचा झोत आत टाकला. खालच्या एका दाढेला सुईसारखे टोक आले होते आणि त्या टोकाने जीभ फाटली होती. पोटात केस व वाळलेले अन्न यांचा घट्ट गोळा होता. भुऱ्याला भूक होती, समोर अन्न होते, आणि तरीही तो कित्येक दिवस उपाशी होता. त्या संध्याकाळी बाईंनी मला फोनवर हे सारे सांगितले.

मित्रांनो, आपण गाय-म्हैस आजारी पडली तर धावपळ करतो. कुत्र्याला इंजेक्शन द्यायला नेतो. मग सशाच्याच बाबतीत हसू का येते? कोणालाही विचारा, साधारण दोन उत्तरे मिळतील. एक, "ससाच तर आहे, दुसरा आणू." आणि दुसरे, "ससे असेच पटकन मरतात, डॉक्टर तरी काय करणार?" हे दुसरे उत्तर जरा शास्त्रीय वाटते, नाही का? पुष्कळांचा अनुभवही तसाच असतो. तेव्हा आधी तेच तपासून पाहू या.

दात जे थांबत नाहीत

तुमचे दुधाचे दात पडून पक्के दात आले की त्यांची वाढ संपते. सशाचे तसे नाही. त्याचे सर्व २८ दात, पुढचे पटाशीचे आणि मागच्या दाढासुद्धा, जन्मभर वाढत राहतात. पटाशीचे दात आठवड्याला सुमारे २ मिलिमीटर वाढतात. म्हणजे झीज झालीच नाही, तर वर्षभरात ते दहा सेंटिमीटर लांब होतील! ही झीज कोण करते? गवत. गवताच्या पात्यात वाळूसारख्या द्रव्याचे, सिलिकाचे, सूक्ष्म कण असतात. गवत खाताना ससा खालचा जबडा आडवा, जात्यासारखा फिरवतो आणि दाढा एकमेकींवर घासल्या जातात. पोळी, बिस्किट, भात यांना असे दळावे लागत नाही. मग दाढा वाकड्यातिकड्या वाढतात. खालच्या दाढांची टोके जिभेकडे वळतात, वरच्यांची गालाकडे. भुऱ्याचे हेच झाले होते. गाजरानेही हे काम होत नाही, शिवाय त्यात साखर बरीच. ससा म्हटला की गाजर, ही जोडी चित्रांनी आणि व्यंगचित्रपटांनी आपल्या डोक्यात बसवली आहे, सशाने नव्हे.

जाता जाता एक गोष्ट. उंदरांचेही पुढचे दात असेच वाढतात, म्हणून पूर्वी सशाला त्यांच्याच गणात बसवीत. पण सशाच्या वरच्या पटाशीच्या दातांमागे आणखी दोन बारके दात दडलेले असतात, ते उंदराला नसतात. या आणि अशा फरकांमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी सशांचा गण वेगळा करण्यात आला.

उपवास न चालणारे पोट

आता पोटाकडे वळू. सशाच्या पोटात सर्वांत मोठी जागा व्यापते ते उंडुक, म्हणजे लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यावरची पिशवी. आपल्या शरीरात ती लहानशी असते. सशात मात्र तो एक कारखानाच असतो. त्यात असंख्य जीवाणू गवताचा चोथा आंबवून त्यापासून सशाला उपयोगी पडणारी द्रव्ये तयार करतात. या कारखान्यातला माल लहान मऊ गोळ्यांच्या रूपाने बाहेर पडतो आणि ससा तो गुदद्वारापासूनच तोंडाने उचलून पुन्हा गिळतो. शी! म्हणू नका. त्या गोळ्यांत प्रथिने आणि ब गटातील जीवनसत्त्वे असतात. गाय रवंथ करून जे साधते, ते ससा असे साधतो. तुम्हाला खुराड्यात दिसतात त्या कोरड्या, गोल लेंड्या वेगळ्या. ते खरे टाकाऊ.

हे सारे यंत्र चालू ठेवायला सतत चोथा लागतो. खाणे थांबले की आतड्यांची हालचाल मंदावते, वायू धरतो, पोट दुखते. पोट दुखते म्हणून ससा आणखी खात नाही. सशाला ओकताही येत नाही, तेव्हा तीही वाट बंद. उपासमार लांबली की शरीरातली चरबी यकृतात साचू लागते आणि यकृत निकामी होते. कुत्रा एखादा दिवस जेवला नाही तर आपण वाट पाहतो. सशाने बारा तास काही खाल्ले नाही, तर ती तातडीची बाब समजावी. "शनिवारी दिसले, सोमवारी बघू" यात भुऱ्याचे किती तास गेले, ते तुम्हीच मोजा.

पण मग त्याने सांगितले का नाही? कण्हला का नाही? याचे उत्तर माळरानावर आहे. ससा हा कोल्ह्याचे, गरुडाचे, रानमांजराचे भक्ष्य. कळपात जो लंगडतो तो आधी उचलला जातो. तेव्हा दुखणे लपवणारेच जगले, वाढले आणि त्यांची ही सवय आजच्या सशांत उतरली. दुखत असले तरी ससा ओरडत नाही, कोपऱ्यात अंग आखडून बसतो, फार तर दात करकर वाजवतो. आपण म्हणतो, "किती शांत आहे बिचारा!"

हा अबोलपणा वाचता येईल का, असा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला. कानावर गोंदण्याची खूण करताना सशांच्या चेहऱ्यात काय बदल होतात, हे त्यांनी बारकाईने पाहिले आणि २०१२ मध्ये वेदना मोजण्याची एक पट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात पाच गोष्टी पाहतात. डोळे बारीक झाले आहेत का? गाल चपटे दिसतात का? नाकपुड्यांचा आकार बदलला का? मिशा ताठ आहेत का? कान आवळून मागे नेले आहेत का? प्रत्येकीला शून्य ते दोन गुण. तुमच्या आळीत कोणाकडे ससा असेल तर तो निरोगी असतानाच त्याचा चेहरा नीट पाहून ठेवा, म्हणजे बदल कळेल.

आता त्या दुसऱ्या उत्तराकडे परत येऊ: "ससे असेच पटकन मरतात." दुखणे दिसत नाही म्हणून ससा उशिरा दवाखान्यात जातो. उशिरा गेला म्हणून दगावतो. दगावला की लोक म्हणतात, "बघा, नेऊन काय उपयोग झाला?" आणि पुढचा ससा नेतच नाहीत. समज आपणच आपल्याला खरा ठरवीत जातो.

याला आकड्यांचा पुरावाही आहे. २००२ ते २००४ या काळात ब्रिटनमधील ११७ दवाखान्यांत भूल किंवा गुंगीचे औषध दिलेल्या प्राण्यांची मोजणी करण्यात आली आणि २००८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भुलेमुळे दगावलेल्यांचे प्रमाण दर १०,००० मागे कुत्र्यांत १७, मांजरांत २४ आणि सशांत १३९ होते. "म्हणजे लोक म्हणतात ते खरेच की!" असे तुम्ही म्हणाल. पण थांबा, त्याच आठ हजारांवर सशांचे दोन गट करून पाहू. निरोगी असताना भूल दिलेल्या सशांत हे प्रमाण दर १०,००० मागे ७३ होते. आधीच आजारी असलेल्यांत ते ७३७, म्हणजे दसपट! निरोगी ससाही कुत्र्यापेक्षा नाजूक ठरतो, हे मान्य केले पाहिजे. त्याचे तोंड अरुंद, त्यामुळे श्वासाची नळी घालणे कठीण. देह लहान, तो लवकर गार पडतो. पण मोठा फरक पडतो तो प्राणी कोणत्या अवस्थेत टेबलावर येतो यामुळे.

ज्याचा उपयोग, त्याचा डॉक्टर

पहिले उत्तर राहिले: "ससाच तर आहे." याचे मूळ शोधायला इतिहासात जावे लागते. जगातली पहिली पशुवैद्यक शाळा १७६१ मध्ये फ्रान्समधील ल्यों येथे निघाली. तिचा संस्थापक क्लोद बूर्जला हा घोडेस्वारी शिकवणाऱ्या संस्थेचा प्रमुख होता आणि त्याच्यापुढे प्रश्न होता घोड्यांचा व गुरांच्या साथींचा. आपल्याकडेही तसेच. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ चे. गुरांच्या रोगांवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा १८८९ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि पुढे हिमालयात मुक्तेश्वरला हलली. बुळकांडीसारख्या रोगाने हजारो बैल मरत, शेती बसे. त्या काळी बैलाच्या डॉक्टरची गरज कोणाला पटवून द्यावी लागत नव्हती. सशाचा असा कोणता उपयोग होता? युरोपात तो मांसासाठी आणि केसाळ कातड्यासाठी पाळीत. तो आजारी पडला तर कापून टाकणे स्वस्त पडे.

गंमत अशी की, ज्या सशाला वैद्यकाने पाहिले नाही, त्याच्यावाचून वैद्यकाचे मात्र चालले नाही. १८८५ मध्ये लुई पाश्चर यांनी पिसाळलेला कुत्रा चावलेल्या मुलाला जी लस टोचली, ती सशांचे मज्जारज्जू वाळवून बनवलेली होती. बुळकांडीचा विषाणू एका सशातून दुसऱ्यात असा नेत नेत सौम्य करून जपानी शास्त्रज्ञ नाकामुरा यांनी १९३० च्या दशकात लस तयार केली आणि ती आशियात पुष्कळ ठिकाणी वापरली गेली. २०११ मध्ये बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. बैलांवरच्या या उपकारात सशाचाही वाटा आहे.

उलट टोकाची गोष्ट फ्रान्सची. तिथे रानटी ससे पिकांची नासाडी करीत. पॉल आर्मां-दलील या निवृत्त डॉक्टरने १९५२ मध्ये आपल्या मळ्यातल्या दोन सशांना मिक्सोमॅटोसिस या रोगाचा विषाणू टोचून सोडून दिले. ऑस्ट्रेलियात दोनच वर्षांपूर्वी हाच रोग सशांचा नायनाट करण्यासाठी मुद्दाम पसरवला होता. डास आणि पिसवा यांच्यामार्फत तो फ्रान्सभर पसरला, १९५३ मध्ये ब्रिटनला पोचला आणि तेथील ९५ टक्क्यांहून अधिक रानससे मेले. डोळे सुजून आंधळे झालेले ससे रस्त्याकडेला बसलेले लोकांनी पाहिले. शेतकरी खूश, ससे पाळणारे आणि शिकारी संतप्त. आर्मां-दलीलवर खटला झाला, त्याला दंड झाला. आणि पुढे त्यालाच पदकही देण्यात आले! एकाच माणसाला, एकाच कृत्याबद्दल. सशाविषयी समाजाचे मन किती दुभंगलेले असते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. ब्रिटनने मात्र १९५४ मध्ये कायदा करून आजारी ससे सोडून रोग मुद्दाम पसरवणे हा गुन्हा ठरवला. आज युरोपात घरच्या सशाला या रोगाची लस देतात, कारण डासाला रानातला ससा आणि घरातला ससा यांत फरक कळत नाही.

लोकांचे मत बदलू लागले ते ससा अंगणातल्या खुराड्यातून घरात आल्यावर. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९८८ मध्ये 'हाउस रॅबिट सोसायटी' स्थापन झाली. घरात वावरणाऱ्या सशाच्या सवयी, त्याचा आहार, त्याची दुखणी यांची माहिती ती लोकांना देऊ लागली. समोर दिवसभर दिसणारा प्राणी जेवला नाही तर लगेच लक्षात येते, मागीलदारच्या पिंजऱ्यातला येत नाही. मग अशा सशांचे मालक डॉक्टरांना प्रश्न विचारू लागले आणि डॉक्टरांनाही सशाचा अभ्यास करावा लागला. माद्यांना गर्भाशयाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर होतो आणि वेळीच गर्भाशय काढले तर तो टळतो, हे पाळणाऱ्यांना समजले ते यातून. नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षे जगतो. आपल्याकडे तो दोन-तीन वर्षांत गेला तरी "आयुष्य तेवढेच" असे म्हणून सोडून देतात. अर्थात तिकडेही सारे आलबेल नाही. गरिबांच्या प्राण्यांवर मोफत उपचार करण्यासाठी १९१७ मध्ये लंडनमध्ये निघालेली पीडीएसए ही संस्था २०११ पासून पाळीव प्राण्यांच्या स्थितीचे अहवाल काढते. कुत्र्यांच्या मानाने ससे दवाखान्यात कमी नेले जातात आणि पुष्कळ ससे एकटे, चुकीच्या आहारावर ठेवलेले असतात, असे त्यांत पुनःपुन्हा आढळून आले आहे.

डॉक्टरांकडे न नेता घरीच औषध देण्याची आपल्याकडे फार हौस. सशाच्या बाबतीत ती जीवघेणी ठरते. माणसाला नेहमी देतात ती अमॉक्सिसिलीन, अँपिसिलीनसारखी प्रतिजैविके सशाला तोंडावाटे दिली, तर त्याच्या उंडुकातले उपकारक जीवाणू मरतात, अपायकारक जीवाणू माजतात आणि त्यांच्या विषाने ससा काही दिवसांत मरू शकतो. कुत्र्या-मांजरांच्या पिसवांवर वापरतात ते फिप्रोनिलही सशाला विषारी. "मांजराचे औषध, अर्धेच देऊ" हा हिशोब इथे चालत नाही. आणखी एक समज पिंजरेवाल्यांकडून नेहमी ऐकू येतो: "सशाला पाणी ठेवू नका, पाणी प्याला की मरतो." साफ खोटे! ससा शरीराच्या दर किलोमागे दिवसाला ५० ते १५० मिलिलिटर पाणी पितो. ओला पाला खाणारा ससा कमी पितो, एवढ्यावरून कोणीतरी ही समजूत उठवली असावी. सोलापूर-नागपूरच्या उन्हाळ्यात पाण्याविना ठेवलेल्या सशाचे काय होत असेल, याची कल्पना करा. घाम गाळून थंड होण्याची सोय त्याच्या शरीरात जवळजवळ नाहीच. उष्णता बाहेर टाकण्यासाठी मुख्यतः त्याचे कान. त्याच कानांना धरून आपण त्याला उचलतो! सशाची हाडे हलकी आणि मागचे पाय दणकट. लोंबकळता ससा जोरात झटका देतो तेव्हा त्याचा कणाच मोडू शकतो.

पैशाचा प्रश्न टाळून चालणार नाही. ससा काहीशे रुपयांचा आणि दाढा घासून घेण्याचा खर्च त्याहून जास्त, मग कोण करील, असे विचारणारा माणूस दुष्ट असतोच असे नाही. घरातल्या माणसाच्या औषधाला पैसे नसतात, तिथे सशाचे काय? पण एक लक्षात घ्या. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० चा आहे. त्यात 'प्राणी' या शब्दात माणसाखेरीज सर्व सजीव प्राणी येतात आणि ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याला विनाकारण वेदना होणार नाहीत अशी काळजी घेतली पाहिजे, असे म्हटले आहे. किंमत किती, हे त्यात विचारलेले नाही. आणि भुऱ्याच्या दाढा कशाने बिघडल्या असत्या त्याहून कमी? रोजच्या मूठभर गवताने. ते तर शाळेच्या कुंपणालाच उगवत होते. माझ्या मते ससा आणण्यापूर्वीच हा हिशोब मांडावा. गवत कोण आणणार, जवळच्या दवाखान्यातले डॉक्टर ससे पाहतात का, सुट्टीत कोण बघणार? उत्तरे नसतील तर ससा आणू नये, चित्रातला बरा. रानात सापडलेले सशाचे पिल्लू तर घरी आणूच नका. आपला रानससा ही वेगळी जात आहे, तिला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे आणि एकटे दिसणारे ते पिल्लू बहुधा सोडलेले नसते, आई पाजायला यायची असते.

त्या शाळेत आता खुराड्याशेजारी एक फळा टांगलेला आहे. त्यावर तीन रकाने: गवत, पाणी, लेंड्या. सातवीची, आता आठवीत गेलेली, ती मुलगी आणि तिच्या मैत्रिणी रोज सकाळी तो भरतात. सुट्टीच्या दिवशी शिपाईमामा भरतात. लेंड्या का मोजायच्या, हे तुम्हाला आता सांगायला नको.

परवा तिचे पत्र आले. मंगळवारी सकाळी लेंड्या रोजच्या निम्म्याच होत्या आणि त्याही बारीक. मधल्या सुट्टीत त्यांनी कापशीला टोपलीत घालून दवाखान्यात नेले. तिथे रांगेत आधी तीन म्हशी होत्या. डॉक्टरांनी टोपलीत डोकावून पाहिले आणि कापशीला आधी घेतले. म्हशीवाले काका जरा कुरकुरले, पण मग तेही वाकून बघायला आले, असे तिने लिहिले आहे.